हिवाळ्यात गारठणारं, उन्हाळ्यात तापणारं घर: युरोपातल्या ऊर्जा-दारिद्र्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरोप तर श्रीमंत. तिथे ऊर्जा-दारिद्र्य कसलं?

आपल्याकडे हा शब्द ऐकला की विजेचा खांब न पोचलेला पाडा डोळ्यांसमोर येतो, किंवा ओल्या लाकडांची चूल फुंकणारी बाई. युरोपात वीज घरोघर आहे, बऱ्याच शहरांत गॅसही नळाने येतो. तरीही तिथल्या कितीतरी घरांत ऐन हिवाळ्यात हीटर बंद असतो, कारण तो लावला तर महिनाअखेरीला बिल भरायला पैसे उरत नाहीत. लोक घरात कोट घालून बसतात. सगळं कुटुंब एका खोलीत झोपतं, म्हणजे एकच खोली तापवावी लागते. भिंतींना ओल येते, कोपऱ्यात काळी बुरशी धरते, मुलांचा खोकला हटत नाही. ब्रिटनमध्ये या कोंडीला 'ऊब की जेवण' असंच म्हणतात.

२०२३ मध्ये युरोपियन युनियनमधल्या १०.६ टक्के लोकांनी सांगितलं की घर पुरेसं उबदार ठेवणं आम्हाला परवडत नाही. २०२१ मध्ये हा आकडा ६.९ टक्के होता. युनियनची लोकसंख्या ४५ कोटींच्या आसपास आहे, म्हणजे ही साधारण पावणेपाच कोटी माणसं झाली.

नेमकं कुणाला ऊर्जा-दरिद्री म्हणायचं?

१९९१ मध्ये ब्रिटिश संशोधक ब्रेंडा बोर्डमन यांनी एक सोपी कसोटी मांडली. घर नीट उबदार ठेवायला उत्पन्नाच्या १० टक्क्यांहून जास्त खर्च करावा लागणार असेल, तर ते कुटुंब ऊर्जा-दरिद्री. यातलं 'करावा लागणार असेल' फार महत्त्वाचं आहे. प्रत्यक्षात आलेलं बिल पाहून ठरवायला गेलं तर फसगत होते. जी आजी हीटर लावतच नाही तिचं बिल अगदी कमी येतं, आणि कागदावर ती सुखी दिसते. बेल्जियममध्ये अशा घरांची वेगळी मोजणी होते. तिथे त्याला 'लपलेलं' ऊर्जा-दारिद्र्य म्हणतात. मला वाटतं, या विषयातली सगळ्यात उपयोगी कल्पना हीच आहे.

पूर्ण युनियनला लागू होणारी व्याख्या २०२३ च्या ऊर्जा-कार्यक्षमता निर्देशात पहिल्यांदा आली. घर उबदार ठेवणं, गरम पाणी, दिवे आणि घरातली उपकरणं यांच्या जोडीला 'थंडावा' हाही मूलभूत गरजांमध्ये मोजला गेला. हा एक शब्द आत येण्यामागे बरेच मृत्यू आहेत. त्यांच्याविषयी पुढे लिहिलंच आहे.

सगळ्यात जास्त त्रास थंड देशांत होत असेल ना?

नाही, आणि हे ऐकून बहुतेकांना धक्का बसतो. २०२३ च्या आकड्यांत यादीच्या टोकाला स्पेन आणि पोर्तुगाल होते, दोन्हीकडे २०.८ टक्के. त्यांच्या मागोमाग बल्गेरिया, २०.७ टक्के. बर्फाखाली राहणाऱ्या फिनलंडमध्ये फक्त २.६ टक्के.

याचं उत्तर भिंतींत आहे. फिनलंडमध्ये घर बांधतानाच जाड इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, घालतात, खिडकीला तीन काचा असतात, शहरांत गरम पाणी एका मोठ्या केंद्रातून नळांनी घरोघर येतं. पोर्तुगालमध्ये हिवाळा दोन-तीन महिन्यांचा, म्हणून घर थंडीसाठी बांधायचा विचारच झाला नाही. इमारतीतून उष्णता किती निसटते याविषयीचा तिथला पहिला नियम १९९० चा. ग्रीस आणि स्पेनमध्ये असे नियम १९७९ मध्ये आले. त्याआधी उभ्या राहिलेल्या अथेन्सच्या अपार्टमेंटांमध्ये काँक्रीट आणि विटा आहेत, मधे काही नाही. लिस्बनमध्ये जानेवारीत बाहेर १२ अंश असलं की आतही जवळपास तेवढंच असतं, वर दमट. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये घरातलं किमान सुरक्षित तापमान १८ अंश सांगितलं आहे. थंडीमुळे होणाऱ्या जादा मृत्यूंचं प्रमाण पोर्तुगाल-स्पेनमध्ये उत्तरेकडच्या देशांपेक्षा जास्त असल्याचं संशोधकांनी वीस वर्षांपूर्वीच दाखवून दिलं होतं.

म्हणून ऊर्जा-दारिद्र्य मोजताना थर्मामीटर रस्त्यावर लावून चालत नाही. तो स्वयंपाकघरात लावायला हवा.

२०२२ मध्ये बिलं अचानक एवढी का भडकली?

रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि पाइपलाइनने येणारा गॅस आटला. संकटापूर्वीच्या काही वर्षांत घाऊक बाजारात गॅस मेगावॉट-तासाला (म्हणजे १,००० युनिटला) साधारण २० युरोंच्या आसपास मिळायचा. ऑगस्ट २०२२ मध्ये तो ३०० युरोंच्या वर गेला. गॅसबरोबर वीजही महागली. तिथल्या वीजबाजारात त्या-त्या वेळेची मागणी भागवायला जे सर्वांत महाग केंद्र सुरू करावं लागतं, त्याचा दर सगळ्या विजेला लागू होतो. बऱ्याचदा ते शेवटचं केंद्र गॅसवर चालतं, त्यामुळे पवनचक्कीची स्वस्त वीजही गॅसच्या भावाने विकली गेली.

सरकारांनी मदत केली, पण बहुतेक मदत सरसकट होती. पोहण्याचा तलाव गरम ठेवणाऱ्या बंगल्यालाही सवलत आणि एका खोलीत राहणाऱ्या विधवेलाही सवलत. ज्याचा वापर जास्त त्याला सरकारी पैसा जास्त. संकटात घाईने निर्णय घ्यावे लागतात हे खरं, तरी तेवढ्या पैशात किती घरांच्या खिडक्या बदलून झाल्या असत्या हा विचार मनातून जात नाही.

यात शहरांच्या हवामान-सज्जतेचा, म्हणजे बदलत्या हवामानाला तोंड द्यायच्या तयारीचा, संबंध कुठे येतो?

इथेच येतो. जे घर हिवाळ्यात ऊब धरत नाही, तेच बहुतेकदा उन्हाळ्यात भट्टी होतं.

ऑगस्ट २००३ मध्ये पॅरिसमध्ये पारा ४० अंशांच्या जवळ गेला. काही रात्री तो २५ अंशांखाली उतरलाच नाही. पॅरिसची छपरं बहुतांश जस्ताच्या पत्र्याची आहेत आणि त्या पत्र्याखाली, सहाव्या-सातव्या मजल्यावर, पूर्वी मोलकरणींसाठी बांधलेल्या खोल्या आहेत. आज तिथे विद्यार्थी, स्थलांतरित आणि एकटी म्हातारी माणसं राहतात. मे महिन्यात विदर्भात पत्र्याच्या खोलीत दुपार काढलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. त्या उष्णतेच्या लाटेत एकट्या फ्रान्समध्ये सुमारे १५,००० जादा मृत्यू झाले, बहुतेक ७५ च्या पुढच्या माणसांचे. संपूर्ण युरोपात त्या उन्हाळ्यात सुमारे ७०,०००. मृतांची घरं तपासून झालेल्या अभ्यासात दोन गोष्टी ठळकपणे पुढे आल्या. थेट छपराखाली झोपणं आणि घराला इन्सुलेशन नसणं, या दोन्हींनी मरणाचा धोका वाढवला होता.

नंतर सुधारणा झाल्या, पण २०२२ च्या उन्हाळ्यात पुन्हा उष्णतेने सुमारे ६१,००० माणसं गेली, त्यांतली १८,००० इटलीत. १९८० च्या दशकापासून युरोप जगाच्या सरासरीच्या दुप्पट वेगाने तापतो आहे. त्यामुळे शहराची सज्जता म्हणजे नदीकाठची भिंत आणि झाडं एवढंच धरून चालत नाही. सर्वांत वरच्या मजल्यावरची भाड्याची खोली रात्री किती तापते, हाही सज्जतेचाच प्रश्न आहे.

मग सगळेच एसी का लावत नाहीत?

युरोपात साधारण पाचांतल्या एकाच घरात एसी आहे. भाडेकरूला मालकाची परवानगी लागते, जुन्या इमारतींच्या दर्शनी भागावर यंत्र लावायला बऱ्याच ठिकाणी मनाई असते, आणि ज्याला हीटर परवडत नाही त्याला एसीचं बिलही परवडत नाही. शिवाय एसी आतली उष्णता गल्लीत फेकतो. अरुंद गल्लीत शंभर यंत्रं चालली की ज्याच्याकडे एसी नाही त्याची रात्र आणखी तापते.

पण एसीला सरसकट नावं ठेवणाऱ्यांशीही मी सहमत नाही. हृदयविकार असलेल्या ऐंशी वर्षांच्या माणसाला लाटेच्या आठवड्यात थंड खोली औषधासारखीच लागते. आधी ऊन बाहेर अडवावं. खिडकीच्या बाहेरून लावलेली झडप किंवा पडदा आतल्या पडद्यापेक्षा कितीतरी जास्त काम करतो, कारण काचेतून आत आलेली उष्णता बाहेर काढणं अवघड असतं. स्पेन-इटलीत अशा झडपा पूर्वापार आहेत. उत्तरेकडे त्या नाहीत आणि आता तिथे त्यांची गरज आहे. छपराला इन्सुलेशन, फिकट रंग, रात्री समोरासमोरच्या खिडक्या उघडून वारा खेळता ठेवणं, हे झाल्यावर उरलेल्या गरजेपुरता एसी. पॅरिसमध्ये जमिनीखालच्या नळांमधून गार पाणी फिरवून इमारती थंड ठेवण्याची एक व्यवस्था आहे. ते पाणी गार करायला सेन नदीचा उपयोग होतो. लूव्र संग्रहालय तिच्यावर चालतं. गरिबांच्या वस्त्यांपर्यंत ती कधी पोचते ते पाहायचं.

शहरांनी प्रत्यक्षात काय केलं?

बार्सिलोनाचं उदाहरण मला सर्वांत शिकण्यासारखं वाटतं. २०२० पासून तिथे 'हवामान निवाऱ्यां'चं जाळं आहे. त्यात वाचनालयं, नागरी केंद्रं, संग्रहालयं, बागा आणि शाळांची पटांगणं येतात. जिथे फुकट बसता येतं, पाणी मिळतं, कुणी हटकत नाही, अशा जागा. सुरुवातीला ७० होत्या, आता शेकडो आहेत. त्याच सुमारास ११ शाळांच्या सिमेंटच्या पटांगणांत झाडं, सावली आणि पाण्याचे फवारे आणले गेले. टीकाही रास्त आहे. बऱ्याच जागा ऑगस्टमध्ये आणि सुट्टीच्या दिवशी बंद असतात, आणि संध्याकाळी दार लागलं की रात्र काढायला पुन्हा तेच तापलेलं घर. निवारा दुपार वाचवतो, घराची दुरुस्ती करत नाही.

त्याच शहराने २०१७ पासून ऊर्जा-सल्ला केंद्रंही चालवली आहेत. तिथे माणूस बिल घेऊन जातो, समोरची व्यक्ती ते वाचते, चुकीचा करार असेल तर बदलून देते, सवलतीचा अर्ज भरून देते. ऐकायला किरकोळ वाटतं. पण स्पेनमध्ये २००९ पासून असलेली वीजसवलत पात्र असूनही न घेणारी कुटुंबं खूप आहेत, कारण अर्ज किचकट आणि लाज मोठी.

फ्रान्समध्ये २००३ नंतर कायदा झाला. प्रत्येक नगरपालिकेने एकट्या आणि दुर्बल माणसांची नोंदवही ठेवायची, आणि लाट आली की त्यांना फोन करायचे. अथेन्सने २०२१ मध्ये एलेनी मिरिविली यांना खास उष्णतेसाठी अधिकारी नेमलं, युरोपात असं पद पहिल्यांदाच. व्हिएन्नाकडे वेगळंच बळ आहे. तिथले जवळपास निम्मे लोक पालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहतात, त्यामुळे दुरुस्ती करायची म्हटली तर हजारो मालकांची मनधरणी करावी लागत नाही.

बिल थकलं तर वीज तोडतात का?

देशागणिक नियम वेगळे. फ्रान्समध्ये १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात राहत्या घराची वीज किंवा गॅस थकबाकीसाठी तोडता येत नाही. स्पेनमधल्या कॅटलोनिया प्रांतात नागरिकांनी सह्या गोळा करून मांडलेल्या प्रस्तावातून २०१५ चा कायदा आला. त्यानुसार तोडणीआधी कंपनीने समाजसेवा खात्याकडे विचारायचं की हे कुटुंब अडचणीत आहे का. असेल तर तोडायचं नाही. कायदा आला तरी पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २०१६ मध्ये, तिथल्या रेउस शहरात एक वृद्धा आगीत गेली. वीज तोडलेल्या घरात ती मेणबत्ती लावून राहत होती. त्यानंतर मोठी निदर्शनं झाली आणि नियमाची अंमलबजावणी हा राजकारणाचा विषय बनला.

ब्रिटनमध्ये तोडणीचा एक न दिसणारा प्रकार आहे. थकबाकीदाराच्या घरी प्रीपेड मीटर बसवतात. रिचार्ज संपला की घर अंधारात. कंपनीने काही तोडलेलं नसतं, म्हणून नोंद कुठेच होत नाही. २०२३ च्या सुरुवातीला नियामकाने जबरदस्तीने असे मीटर बसवणं थांबवायला लावलं, आणि पुढे कडक अटी घातल्या.

घरं दुरुस्त करायला अडचण काय आहे? पैसा?

पैसा आहेच, पण त्याहून मोठी गाठ मालक आणि भाडेकरू यांच्यात आहे. खिडकी बदलायचा खर्च मालकाचा, बिलातली बचत भाडेकरूची. मालक का करेल? आणि केलंच तर भाडं वाढवतो. जर्मनीत सुधारणेवर झालेल्या खर्चाच्या ८ टक्क्यांइतकी रक्कम वार्षिक भाड्यात चढवता येते, काही कमाल मर्यादेत. २०१९ पर्यंत हे प्रमाण ११ टक्के होतं. बर्लिनमध्ये 'ऊर्जा-सुधारणा' म्हटलं की भाडेकरूंच्या पोटात गोळा येतो तो यामुळे. घर उबदार होतं, पण त्यात राहणारं कुटुंब बदलतं.

फ्रान्सने दुसरी बाजू धरली. तिथे गळक्या घरांना 'उष्णतेच्या चाळण्या' म्हणतात आणि घरांना ए ते जी (जी म्हणजे सर्वांत गळकं) अशी श्रेणी असते. एफ आणि जी श्रेणीच्या घरांचं भाडं वाढवण्यावर २०२२ पासून बंदी आहे. १ जानेवारी २०२५ पासून जी श्रेणीचं घर नव्याने भाड्याने देता येत नाही. २०२८ मध्ये एफची पाळी, २०३४ मध्ये ईची. काही मालक घर भाड्याच्या बाजारातून काढून घेतील ही भीती खोटी नाही, तरी ओझं योग्य खांद्यावर ठेवलं आहे असं माझं मत.

इटलीने २०२० मध्ये उलट टोक गाठलं. घरदुरुस्तीच्या खर्चाच्या ११० टक्के रक्कम करसवलतीतून परत. सरकारला १०० अब्ज युरोंहून जास्त खर्च आला आणि त्याचा मोठा वाटा स्वतःचं घर असलेल्या, कागदपत्रं आणि ठेकेदार जमवू शकणाऱ्या लोकांकडे गेला.

पूर्वेकडे कोळसा जाळतात, त्याचं काय?

पोलंड आणि बल्गेरियात स्वस्त कोळसा-लाकूड हाच गरिबांचा हीटर. धूर मात्र सगळ्यांच्या छातीत. पोलंडच्या क्राकोव्ह शहराने १ सप्टेंबर २०१९ पासून कोळसा आणि लाकूड जाळायला पूर्ण बंदी घातली. बंदीआधी काही वर्षं पालिकेने जुन्या शेगड्या बदलायला अनुदान दिलं आणि नव्या व्यवस्थेचं बिल जास्त येणाऱ्या गरीब घरांना फरकाची मदत सुरू केली. हा क्रम महत्त्वाचा आहे. अथेन्समध्ये २०१२-१३ च्या हिवाळ्यात उलटं घडलं. आर्थिक संकटात हीटिंग ऑइलवरचा कर वाढवला, लोकांनी शेकोटीत लाकडं आणि जुनं फर्निचर जाळलं, आणि शहरावर धुराची चादर पसरली.

सज्जता म्हणजे फक्त ऊन आणि थंडी?

नाही. २ जुलै २०११ रोजी कोपनहेगनमध्ये दोन-तीन तासांत १५० मिलिमीटर पाऊस पडला आणि पुढच्या वर्षी शहराने ढगफुटीसाठी स्वतंत्र आराखडा केला. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन-पोर्तुगालमध्ये जवळपास सगळीकडे वीज गेली, लिफ्ट थांबल्या, लोक बॅटरीवरचे रेडिओ विकत घेत फिरले. अशा दिवशी दहाव्या मजल्यावरची आजारी व्यक्ती कोण आहे हे शेजाऱ्यांना आणि पालिकेला माहीत असणं फार कामाचं ठरतं. फ्रान्समधली ती नोंदवही इथेही उपयोगी पडते.

युरोपियन युनियन पैसे देणार आहे का?

इमारतींना लागणाऱ्या इंधनावर आणि रस्ते वाहतुकीवर कार्बनची किंमत, म्हणजे जळणातून निघणाऱ्या कार्बन वायूसाठीचा आकार, लावली जाणार आहे. त्याने गरिबांची बिलं वाढतील हे उघड आहे, म्हणून सोबत सामाजिक हवामान निधी ठेवला आहे. २०२६ ते २०३२ या काळात सदस्य देशांच्या वाट्यासह सुमारे ८६.७ अब्ज युरो. कार्बनची किंमत बिलात दिसण्याआधी दुरुस्ती झालेली असेल, तरच त्या निधीला अर्थ आहे. क्राकोव्हचा धडा इथे लागू पडतो.

सोलर पॅनेल लावून प्रश्न सुटेल?

काही अंशी. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याकडे छप्पर नसतं, म्हणून एकत्र येऊन वीज वाटून घेणाऱ्या गटांना कायद्याने मान्यता मिळाली आहे. नेपल्सच्या पूर्व भागात, सान जोव्हानी अ तेदुच्चो या कामगारवस्तीत, एका सामाजिक संस्थेच्या छपरावर २०२१ मध्ये पॅनेल बसले आणि त्याचा फायदा परिसरातल्या सुमारे ४० कुटुंबांना मिळायला लागला. त्या वस्तीतल्या बायकांनी यात पुढाकार घेतला ही गोष्ट मला फार आवडते. मात्र जानेवारीच्या रात्री पॅनेल काही देत नाही. तेव्हा पुन्हा भिंतच कामाला येते.

आमची मुलगी जर्मनीत शिकते आहे. तिला काय सांगावं?

घर बघताना 'काल्टमीटे' म्हणजे नुसतं भाडं आणि 'वार्ममीटे' म्हणजे हीटिंग आणि इतर खर्च धरून भाडं, यांतला फरक नीट विचारून घ्यावा. महिन्याला दिलेली हीटिंगची रक्कम अंदाजाची असते. वर्षाचा हिशेब नंतर येतो आणि तेव्हा काहीशे युरो जास्त भरावे लागू शकतात, ते बाजूला ठेवावेत. हिशेबाचं वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांत मालकाने हा हिशेब द्यायला हवा. त्यानंतर त्याला सहसा जास्तीची रक्कम मागता येत नाही. ऑक्टोबर ते एप्रिल दिवसा घर किमान २० अंशांपर्यंत तापलं पाहिजे असं तिथली न्यायालयं मानत आली आहेत.

कपडे खोलीत वाळत घालून खिडकी बंद ठेवली की बुरशी नक्की. आपल्याकडे दारं-खिडक्या दिवसभर सताड उघडी असतात, त्यामुळे ही सवय नसते. दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं खिडकी पूर्ण उघडून हवा बदलावी, थोडीशी फट ठेवून दिवसभर नको. बुरशी दिसली तर लगेच फोटो काढून मालकाला लेखी कळवावं. वाद झालाच तर जवळपास प्रत्येक शहरात भाडेकरूंची संघटना असते, थोडी वर्गणी भरून वकिलाचा सल्ला मिळतो. कमी उत्पन्नाच्या घरांसाठी वीजबचत तपासणीची फुकट योजनाही आहे. तपासनीस घरी येतो, कुठली वस्तू किती वीज खाते ते मोजतो, एलईडी दिवे आणि पाणी वाचवणारे नळ बसवून जातो. यातले बरेच तपासनीस स्वतः दीर्घकाळ बेकार राहिलेले आणि नंतर प्रशिक्षण घेतलेले असतात. समोर बिल ठेवताना त्यांच्यापुढे लाज वाटत नाही.